पिशाच-करार (कथासूत्र)
पिशाच-करार : सैतानाला आत्मा गहाण टाकून इच्छित ते मिळवण्याचे कथासूत्र. गटेच्या ‘फाउस्ट’मध्ये (भाग पहिला, १८०८) नायक रक्ताने सही करतो. आपल्याकडील जवळची कथा सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त (अकरावे शतक) आहे. तिचा नायक गुणाढ्य. सातवाहन राजाच्या दरबारात पैज हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा सोडल्या. विंध्यारण्यात काणभूती या पिशाचाकडून ऐकलेल्या कथा त्याने शाईअभावी स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोकांत लिहिल्या. राजाने अव्हेरताच सहा लाख श्लोक पशुपक्ष्यांना ऐकवत जाळले. येथे पिशाच आत्मा मागत नाही. कथा सांगून तोच शापमुक्त होतो. उरलेल्या एक लाख श्लोकांची मूळ ‘बृहत्कथा’ आज उपलब्ध नाही.