नोंद कोणी ठेवली? : आफ्रिका आणि आफ्रिकी डायस्पोरा अभ्यासाची प्रस्तावना

आफ्रिका खंड, आणि त्या खंडाबाहेर दोन्ही अमेरिकांत, कॅरिबियन बेटांवर, युरोपात व हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर पसरलेला आफ्रिकी वंशाचा समाज, या दोहोंचा एकत्र विचार करणारी ही विद्याशाखा आहे. इतिहास, साहित्य, भाषाविज्ञान, संगीत, अर्थकारण, धर्म, पुरातत्त्व अशा अनेक वाटा तिच्यात येऊन मिळतात. त्या एकत्र येतात त्या एका प्रश्नापाशी : ज्यांच्याविषयीचे कागद बहुतेक दुसऱ्यांनीच लिहून ठेवले, त्या माणसांचे जगणे खरेपणाने कसे समजून घ्यायचे? हा प्रश्न ज्याला अस्वस्थ करतो, त्या प्रत्येक विद्यार्थ्याचे या विषयात मनापासून स्वागत आहे.

कागद काय सांगतो आणि काय दडवतो, हे एका उदाहरणावरून पाहू. १७८१ साली ‘झाँग’ या ब्रिटिश गुलामवाहू जहाजावरून एकशे तीसहून अधिक आफ्रिकी माणसांना जिवंतपणी समुद्रात फेकण्यात आले. १७८३ मध्ये प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले, पण खुनाचा खटला म्हणून नव्हे. ‘गेलेल्या मालाची’ विमाभरपाई जहाजमालकांना द्यायची की नाही, एवढाच वाद होता. त्या कागदांत माणशी किंमत सापडते. माणसाचे नाव सापडत नाही. तरीही संशोधकाला हे कागद टाकून देता येत नाहीत, कारण त्या मृत्यूंची जी काही साक्ष उरली आहे ती बहुतांशी त्यांच्यातच आहे. लिहिणाऱ्याचा हेतू ओळखून, त्याने ज्याकडे पाहिलेच नाही ते त्याच्याच शब्दांतून शोधायचे, हे या विषयातले पहिले कौशल्य.

अशा विखुरलेल्या नोंदी जिद्दीने एकत्र केल्या की मोठे चित्र उभे राहते. जहाजांच्या वह्या, बंदरांचे दप्तर आणि विम्याचे दस्तऐवज पडताळून अभ्यासकांनी अटलांटिकवरच्या सुमारे ३६,००० गुलामवाहू सफरींची माहिती जमवली आहे. तिच्यावरून केलेला अंदाज असा, की सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यान सुमारे सव्वा कोटी माणसांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जहाजात चढवले गेले, आणि त्यांतली एक कोटी सात लाखांच्या आसपास पलीकडे जिवंत उतरली. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४८ लाख, ब्राझीलमध्ये उतरली. आजच्या अमेरिकी संयुक्त संस्थानांच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट आणलेल्यांची संख्या चार लाखांच्या आत आहे. कृष्णवर्णीयांचा इतिहास म्हणजे अमेरिकेचा इतिहास, ही आपली सवयीची समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. ब्राझीलने गुलामगिरी १८८८ मध्ये संपवली. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा दैवतांची उपासना तिथल्या बाहिया प्रांतात आजही चालते. हैतीत १७९१ साली गुलामांनीच उठाव केला आणि १८०४ मध्ये स्वतंत्र राष्ट्र स्थापन केले. त्या क्रांतीचा इतिहास त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८ मध्ये लिहिला, तेव्हा कॅरिबियन व आफ्रिकेतल्या वसाहतींचे स्वातंत्र्य अजून दूर होते. जुन्या क्रांतीकडे ते येऊ घातलेल्या लढ्यांच्या नजरेने पाहत होते.

मात्र आफ्रिकेची कथा गुलामांच्या जहाजापासून सुरू करणे हाही अन्यायच. अक्सुमची नाणी, ग्रेट झिम्बाब्वेच्या चुन्याविना रचलेल्या दगडी भिंती, किल्वासारखी स्वाहिली व्यापारी बंदरे, टिंबक्टूची हस्तलिखिते आणि १३२४ साली मक्केच्या यात्रेला निघालेला मालीचा सम्राट मन्सा मूसा, हे सगळे त्या जहाजांच्या आधीचे किंवा त्यांच्या कक्षेबाहेरचे आहे. तरी हेगेलसारख्या तत्त्वज्ञाने आफ्रिकेला जगाच्या इतिहासाबाहेर ठेवले, आणि युरोपच्या विद्यापीठांनी ते मत दीर्घकाळ चालू दिले. त्याला खरे उत्तर दिले ते आफ्रिकेतल्या अभ्यासकांनी. नायजेरियाचे केनेथ डिके यांनी नायजर त्रिभुज प्रदेशातील व्यापार व राजकारणावरचा ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. वसाहतीच्या दप्तराबरोबर स्थानिकांच्या मौखिक परंपरेलाही त्यांनी पुरावा मानले. इबादान विद्यापीठात त्यांच्याभोवती इतिहासकारांची एक पिढी घडली. पुढे युनेस्कोने आफ्रिकेचा सर्वसाधारण इतिहास आठ खंडांत काढण्याचे काम १९६४ मध्ये हाती घेतले आणि त्यात आफ्रिकी विद्वानांनाच मध्यवर्ती स्थान दिले.

अटलांटिकच्या पलीकडे हे काम आधीच सुरू झाले होते, तेही विद्यापीठांच्या मदतीची वाट न पाहता. कार्टर वुडसन यांचे आईवडील गुलामगिरीत जन्मलेले. त्यांनी स्वतः तरुणपणी कोळशाच्या खाणीत काम केले आणि १९१२ मध्ये हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. १९१५ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी तिचे संशोधनपत्र सुरू केले. पोर्तो रिकोत जन्मलेल्या आर्तुरो शोंबर्ग यांनी आयुष्यभर पुस्तके, पत्रे, चित्रे जमवली. १९२६ मध्ये हा संग्रह न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने विकत घेतला. डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी फिलाडेल्फियाच्या एका वस्तीत घरोघरी फिरून जो अभ्यास केला, तो १८९९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९६३ मध्ये घानाच्या अक्रा शहरात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते आफ्रिकेच्या विश्वकोशाच्या कामात होते.

विद्यापीठात स्वतंत्र विभाग मिळाला तो लढून. सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात नोव्हेंबर १९६८ मध्ये विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला. सुमारे पाच महिने चाललेल्या त्या संपातून कृष्णवर्णीय अभ्यासाचा विभाग उभा राहिला. त्याच वर्षी नैरोबीच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात न्गुगी वा थिओंगो, तबान लो लियोंग आणि हेन्री ओवूर-अन्युंबा यांनी मागणी केली, की इंग्रजी विभाग मोडून आफ्रिकेचे साहित्य, मौखिक साहित्यासह, अभ्यासाच्या केंद्रस्थानी आणावे. केंद्र कोणते आणि कडा कोणती, हे ठरवण्याचा अधिकार दोन्हीकडे मागितला जात होता.

या विषयाच्या पद्धतीचे सामर्थ्य मला एका गाण्याच्या प्रवासात सर्वांत स्पष्ट दिसते. जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर गला भाषा बोलली जाते. ती म्हणजे मोडकीतोडकी इंग्रजी, असे विद्वान खुशाल सांगत. भाषाशास्त्रज्ञ लॉरेन्झो डाउ टर्नर यांनी १९३०च्या दशकात ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन तो किनारा पालथा घातला, पश्चिम आफ्रिकेतल्या भाषा अभ्यासल्या आणि १९४९ मधल्या ग्रंथात आफ्रिकी मुळाचे हजारो शब्द व नावे दाखवून दिली. हॅरिस नेक इथे अमेलिया डॉली यांनी त्यांना एक गाणे म्हणून दाखवले होते. कुटुंबात ते आईकडून मुलीकडे येत राहिले होते, अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता. ते सिएरा लिओनच्या मेंदे भाषेतले असल्याचे उलगडले. १९९०च्या दशकात संशोधकांनी तिथल्या गावोगावी ते ऐकवले, तेव्हा एका गावात एका स्त्रीने ते ओळखले. तिच्या आजीने तिला ते शिकवले होते आणि ते मृतांना निरोप देण्याच्या विधीतले होते. १९९७ मध्ये अमेलियांची मुलगी त्या गावी जाऊन आली. जहाजाच्या वहीत ज्या बायकांची नावे नव्हती, त्यांनी आपली नोंद अशी ठेवली होती. ती वाचायला भाषाशास्त्र, संगीत, दप्तर आणि पायपीट हे सगळे एकत्र यावे लागले.

इथे सर्वांचे एकमत असते असे मात्र समजू नका. मेलव्हिल हर्सकोविट्स यांना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या जीवनात आफ्रिकेचा वारसा टिकलेला दिसत होता, ई. फ्रँकलिन फ्रेझियर म्हणत, गुलामगिरीने तो जवळजवळ पुसून टाकला. ‘वारसा’ आणि ‘नवनिर्मिती’ यांतला हा वाद अजून नव्या रूपांत चालू आहे. वॉल्टर रॉडनी यांनी १९७२ मध्ये आफ्रिकेच्या दारिद्र्याचे मूळ युरोपने केलेल्या शोषणात दाखवले. नंतरच्या अभ्यासकांनी आफ्रिकी सत्ताधीशांच्या आणि व्यापाऱ्यांच्या भूमिकेवरही बोट ठेवले. कृष्णवर्णीय स्त्रियांनी या विषयातल्या पुरुषी दृष्टीलाच प्रश्न विचारले. वंश आणि लिंगभाव यांचे ओझे एकाच वेळी कसे पडते, हे किंबर्ले क्रेन्शॉ यांनी १९८९ मध्ये कायद्याच्या भाषेत मांडले. सहानुभूती हवीच, पण ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

मराठी वाचकाचा या विषयाशी जुना संबंध आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये द्यू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला. १९७२ मध्ये दलित पँथरने नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. जनार्दन वाघमारे यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या साहित्याचा परिचय मराठीत करून दिला. या नात्यातून बळ मिळते, पण जात आणि वंश यांना एकच मानण्याची घाई करू नये. दोहोंचे साम्य जितके शिकवते तितकाच फरकही शिकवतो. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा सर्वेसर्वा होतो, हे अटलांटिकच्या चौकटीत बसत नाही. हिंदी महासागरातल्या गुलामगिरीला तिच्या स्वतःच्या नियमांनी समजून घ्यावे लागते.

म्हणून विद्यार्थ्याला माझी विनंती एवढीच. नकाशा पाठ करा. आफ्रिकेत पन्नासहून अधिक देश आणि दोन हजारांच्या आसपास भाषा आहेत, त्यांतली स्वाहिली, योरुबा यांसारखी एक तरी शिका. फ्रेंच किंवा पोर्तुगीज वाचता येईल इतकी आत्मसात करा. सारांशावर न थांबता मूळ कागदापर्यंत जा. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली होता, आणि त्या काळचे पोर्तुगीज दप्तर पणजीत आहे. आफ्रिकी वंशाच्या, जंजिऱ्याच्या सिद्दींचे उल्लेख मराठ्यांच्या मोडी कागदांत जागोजागी येतात. मोडी आणि पोर्तुगीज दोन्ही वाचू शकणारा मराठी विद्यार्थी जगातल्या या अभ्यासाला जे देऊ शकेल, ते देणारे फार थोडे आहेत. ते कागदही सत्ताधीशांनीच लिहिले आहेत, तेव्हा नोंद कोणी ठेवली आणि कोण नोंदीबाहेर राहिले, हा प्रश्न त्यांनाही विचारावा लागेल. तो विचारायला तुम्ही यावे, यासाठी ही प्रस्तावना.