एका किलोमीटरची गोष्ट
आपली शाळा खासगी संस्थेची, पण सर-बाईंचे पगार सरकारी अनुदानातून. म्हणून रिक्षावाल्याची मुलगी नि डॉक्टरांचा मुलगा एकाच वर्गात होते. नाशकाला हे नवे नाही. इथला मराठा विद्या प्रसारक समाज १९१४चा.

रयतेच्या पैशावर वरच्यांचे शिक्षण चालते, हे जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच हंटर आयोगाला सुनावले होते. २०१२च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांना दार उघडले. पुढे ९ फेब्रुवारी २०२४ला शासनाने, किलोमीटरभरात सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळेला पंचवीस टक्के मोफत जागांतून सूट दिली. उच्च न्यायालयाने १९ जुलैला ती रद्द केली, हे बरे झाले. प्रोग्राममध्ये अशी एक अट घातली की काय गळते, ते मला रोज दिसते. शहरात किलोमीटरभरात महापालिकेची शाळा बहुधा असतेच!