नळीचें तोंड आणि फेझंटची शिकार

बारा बोअरच्या बंदुकीची नळी आंतून सुमारें साडेअठरा मिलिमीटर रुंद असते. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल ती नळी बारा बोअरची, असा हा जुना हिशेब आहे. या नळीचें तोंड शेवटच्या दोनतीन इंचांत फार तर एक मिलिमीटरानें आवळतात. सहज पाहणाऱ्याच्या हा फरक ध्यानांतहि यावयाचा नाहीं. परंतु ४० वारांवर कागद टांगून बार काढला, कीं त्याचा प्रताप दिसतो. सरळ नळींतून सुटलेल्या छऱ्यांपैकीं शेंकडा ४० छरे ३० इंच व्यासाच्या वर्तुळांत पडतात. पूर्ण आवळलेल्या नळींतून सुटलेल्यांपैकीं शेंकडा ७० पडतात. या आवळण्याला इंग्रज कारागीर ‘चोक’ म्हणतात. गळा दाबणें या अर्थाचाच तो शब्द. हा गळा किती दाबावा, यावर शिकाऱ्यांचा वाद गेलीं दीडशें वर्षें चालला आहे, आणि त्या वादांत ज्या पक्ष्याचें नांव पुन्हां पुन्हां येतें तो फेझंट होय.

फेझंट हा मोराच्या आणि कोंबड्याच्या कुळांतला. सह्याद्रीच्या रानांत आरवणारा करडा रानकोंबडा त्याचा नातलगच म्हणावयाचा. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें आपल्याकडे मोर आणि रानकोंबडा या दोघांनाहि अभय मिळालें आहे. तेव्हां ही कथा मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेचीच आहे. काळ्या समुद्राच्या पूर्वेस, आजच्या जॉर्जिया देशांत, जिला हल्लीं रिओनी म्हणतात त्या नदीचें प्राचीन नांव फासिस. तिच्या कांठचा पक्षी म्हणून ग्रीकांनीं त्याला हें नांव दिलें. नराचें अंग तांबूस सोनेरी, डोकें हिरवें, आणि शेपटी इतकी लांब कीं नवशिक्याचा नेम हटकून तिच्यावरच जातो. दुसरी एक खोड त्याच्या अंगीं आहे. उडण्यापेक्षां पळण्याकडे त्याचा ओढा अधिक. पंख मोडून तो खालीं पडला आणि पाय शाबूत राहिले, तर तो कुंपणांत किंवा लव्हाळ्यांत असा पळतो कीं कुत्र्यावांचून सांपडणें कठीण. नेम साफ चुकला तर पक्षी जगतो, नीट लागला तर जागच्या जागीं मरतो. अर्धवट लागलेला मात्र दोन दोन दिवस कोठें तरी झुडुपांत कण्हत पडतो. नळीचें तोंड आणि छऱ्याचा आकार यांची एवढी चिकित्सा जाणत्या शिकाऱ्यांनीं केली, ती हा तिसरा प्रकार टळावा म्हणून.

ठासणीच्या बंदुकीच्या काळांत हा प्रश्न फारसा उद्भवला नाहीं. दारू, बोळा, छरे, पुन्हां बोळा, हें सर्व तोंडाकडूनच गजानें ठासावयाचें. तेथेंच नळी आवळली तर बोळा आंत जाण्याची पंचाईत. छरे मात्र त्या आधींच सुधारले होते. ब्रिस्टल येथील विल्यम वॉट्स यानें १७८२ मध्यें एक युक्ति काढून तिचें पेटंट घेतलें. वितळलेलें शिसें चाळणीतून उंचावरून खालीं पाण्यांत सोडावयाचें. पडतां पडतां थेंब गोल होतो आणि थिजतो. शिशांत थोडा सोमल मिसळला म्हणजे थेंब अधिकच वाटोळा उतरतो. पुढें छरे टणक करण्यासाठीं शिशांत अँटिमनी घालूं लागले. हा टणकपणा चोकच्या कामीं फार उपयोगीं पडला. कारण मऊ छरा आवळलेल्या तोंडांतून जातांना चेपतो, आणि चेपलेला छरा वाट सोडून भलतीकडे जातो.

मागून भरावयाचीं काडतुसें आलीं आणि कारागिरांचे हात मोकळे झाले. न्यूकॅसलच्या पेप यानें १८६६ मध्यें आवळलेल्या नळीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. अमेरिकेंत रोपर यानें १८६८ मध्यें तोंडाला वेगळें कडें बसविण्याचें पेटंट घेतलें. इलिनॉयमधील बदकांचा शिकारी फ्रेड किंबल याचाहि या शोधावर हक्क सांगितला जातो. शोध कोणाचा कां असेना, गाजावाजा केला तो बर्मिंगहॅमच्या डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर यानें. त्याच्या बंदुकीचा मारा किती दाट आहे हें १८७४ च्या अखेरीस ‘द फील्ड’ या साप्ताहिकांत छापून आलें, तेव्हां पुष्कळांना तें खरेंच वाटेना. मग १८७५ मध्यें त्या पत्रानें लंडनमध्यें जाहीर परीक्षा घेतल्या. प्रत्येक बंदुकीचे छरे कागदावर मोजले गेले, आणि ग्रीनरचा बोलबाला झाला. या पत्राचा संपादक जे. एच. वॉल्श हा मोठा हौशी गृहस्थ होता. ज्या क्लबानें पुढें विंबल्डनचे टेनिसचे सामने भरविले, त्याची स्थापना १८६८ मध्यें याच्याच कचेरींत झाली.

परीक्षेचा निकाल लागतांच ज्याला त्याला पूर्ण चोकची बंदूक हवीशी झाली. येथें एक घोटाळा झाला. परीक्षा होती ४० वारांवरची, टांगलेल्या कागदाची. इंग्लंडच्या रानांत फेझंट पुष्कळदां निम्म्याच अंतरावर उठतो. २० वारांवर सरळ नळीचा मारा सुमारें ३२ इंच पसरतो, तर पूर्ण चोकचा सुमारें १६ इंचच. व्यास निम्मा, म्हणजे क्षेत्र एक चतुर्थांश. मध्यम प्रतीच्या नेमबाजाला एवढ्याशा वर्तुळांत उडता पक्षी धरणें साधत नाहीं. आणि धरला तर त्याच्या अंगाची अशी चाळण होते, कीं स्वयंपाकीण तो पक्षी चुलीजवळहि येऊं देत नाहीं. स्पर्धेंत जिंकणारी बंदूक आणि रानांत उपयोगी पडणारी बंदूक एक नव्हे, हें कळावयास लोकांना कांहीं वर्षें लागलीं. मग दुनळींत तडजोड निघाली. उजवी नळी जवळजवळ सरळ, डावी आवळलेली. पुढचा चाप उजवीचा, मागचा डावीचा. पक्षी उठतांच पहिला बार उघड्या नळीचा, तो दूर गेला तर दुसरा बार घट्ट नळीचा. दोन चापांची ही सोय जुन्या लोकांना इतकी प्रिय, कीं एकाच चापाची बंदूक त्यांना आळशाची वाटे.

राजेरजवाड्यांच्या शिकारींत प्रकार वेगळा होता. तेथें शिकारी उभे राहत आणि हाकारे पक्ष्यांना त्यांच्या डोक्यांवरून उडवीत. सातव्या एडवर्डला या खेळाचें इतकें वेड, कीं सँड्रिंगहॅमच्या वाड्यांतलीं घड्याळें अर्धा तास पुढें ठेवलेलीं असत, हिंवाळ्याचा उजेड शिकारीला अधिक मिळावा म्हणून. तीं १९३६ मध्यें पुन्हां ताळ्यावर आलीं. १९१३ च्या १८ डिसेंबरला हॉल बार्न येथें एका दिवसांत ३,९३७ फेझंट पडले. परततांना खुद्द पंचम जॉर्जलाहि अंमळ अतिरेक झाल्यासारखें वाटलें, असें युवराजानें पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे.

या सर्व गोंधळाला शास्त्राची शिस्त लावली मेजर सर जेराल्ड बुरार्ड यांनीं. त्यांचे वडील सर सिडनी हे हिंदुस्थानचे सर्व्हेयर जनरल होते. मोजमापाची आवड घरांतलीच असावी. ‘द मॉडर्न शॉटगन’ हा त्यांचा तीन भागांचा ग्रंथ १९३० नंतरच्या दोनतीन वर्षांत निघाला. त्यांतील कोष्टकांत सरळ नळीपासून पूर्ण चोकपर्यंतच्या पायऱ्या टक्क्यांनीं बांधून दिल्या आहेत: ४०, ५०, ५५, ६०, ६५, ७०. इंग्लंडच्या नेहमींच्या काडतुसांत १ १/१६ औंस छरे असतात. सहा नंबरचे छरे इंग्लंडांत औंसाला २७०, म्हणजे एका काडतुसांत सुमारें २८७. सरळ नळीतून ४० वारांवर त्यांतले सुमारें ११५ त्या ३० इंची वर्तुळांत पडतात, पूर्ण चोकमधून २००. फेझंटएवढ्या पक्ष्याला चारपांच छरे लागावयाचे असतील तर सरळ नळी ४० वारांवर कशीबशी पुरी पडते. पहिली पायरी चढली, म्हणजे शेंकडा ५० ची नळी घेतली, कीं बहुतेक काम निभावतें.

तोच पक्षी अमेरिकेंत गेला आणि हिशेब बदलला. शांघाय येथील अमेरिकन वकील ओवेन डेनी यानें १८८१ मध्यें पाठविलेले बहुतेक फेझंट वाटेंतच मेले. १८८२ चे ऑरेगनच्या विलामेट खोऱ्यांत रुजले. तेथें १८९२ मध्यें शिकार खुली झाली. साउथ डकोटांत पहिली शिकार १९१९ ची, तीहि एकाच परगण्यांत. पुढें १९४३ मध्यें फेझंट हा त्या राज्याचा मानाचा पक्षी ठरला. तेथें माणसें रांगेनें मक्याच्या शेतांतून चालतात. पक्षी पुढें पळत राहतो आणि शेवटीं पाठमोरा उठतो. इंग्लंडांत डोक्यावरून येणारा पक्षी मान आणि छाती पुढें करून येतो. येथें मात्र शिकाऱ्यापुढें शेपटी आणि पाठ. काळीज-फुफ्फुसें पलीकडच्या टोकाला, मध्यें पिसें, हाडें आणि कोथळा. तेथवर पोंचावयास छरा जड हवा. म्हणून अमेरिकन माणूस सव्वा औंसाचें काडतूस आणि पांच किंवा चार नंबरचे छरे घेतो. पण जड छरे थोडे असतात. अमेरिकेच्या मापानें सहा नंबरचे औंसाला २२५, चार नंबरचे १३५ च. सव्वा औंसांत पहिले २८१ भरतात, दुसरे १६९. छरे थोडे झाले कीं ते विखरून चालत नाहीं, नळी अधिक आवळावी लागते. हंगामाच्या आरंभीं, पक्षी पायाशीं उठतात तेव्हां, उघडी नळी आणि सहा नंबर; हिंवाळ्यांत, बिथरलेले नर चाळीस वारांवरून उठतात तेव्हां, घट्ट नळी आणि चार-पांच नंबर. हा तिकडचा अनुभव. नंबरांचा घोळहि ध्यानांत ठेवावा लागतो: इंग्लंडचा सहा आणि अमेरिकेचा सहा एक नव्हेत. शिवाय १९६० च्या दशकांत काडतुसांत छऱ्यांभोंवतीं प्लॅस्टिकची वाटी आली, आणि जुन्या नळ्या आपल्या छापील टक्क्यांहून दाट मारूं लागल्या. म्हणून नळीवरच्या खुणेवर न विसंबतां कागद टांगून छरे मोजावे, हा वॉल्शच्या वेळचा रिवाज सुज्ञ शिकारी अजून पाळतात.

शिशाचा स्वतःचा दोष मागाहून उघडकीस आला. तळ्यांत पडलेले छरे बदकें खड्यांबरोबर गिळतात आणि विषानें मरतात. अमेरिकेनें १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारींत शिसें सर्वत्र बंद केलें. डेन्मार्कनें १९९६ मध्यें शिशाचे छरेच वर्ज्य केले. त्यांच्या जागीं मऊ पोलाद आलें. त्याचा छरा शिशाहून पुष्कळ हलका, म्हणून दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. सहाच्या ठिकाणीं चार. तो चेपत नाहीं, म्हणून उघड्या नळींतूनहि दाट पडतो. आणि चेपत नाहीं म्हणूनच पातळ, जुन्या, घट्ट आवळलेल्या नळीचें तोंड फुगवितो. ब्रिटनमधील सूचनेप्रमाणें ४ मिलिमीटरांहून जाड पोलादी छरा अर्ध्या चोकपेक्षां घट्ट नळींतून सोडावयाचा नाहीं. तेथील नऊ शिकार-संस्थांनीं २०२० मध्यें पांच वर्षांत शिसें आपखुशीनें सोडावें असें सुचविलें. त्या हंगामांत संशोधकांनीं ज्या १८० फेझंटांच्या अंगांतील छरे तपासले, त्यांपैकीं १७९ शिशानेंच मारलेले निघाले. ज्यांच्या घरीं आजोबांची दुनळी आहे, त्यांनीं ती बंदुकवाल्याकडे द्यावयाची आणि डाव्या नळीचें तोंड आंतून घासून अर्ध्या चोकवर आणावयाचें, अशी कामें आतां त्या दुकानांत येऊं लागलीं आहेत.