जुन्या सागवानी झोपाळ्याला पुन्हा वॉर्निश द्यायचंय? आधी पाटाखाली स्पिरिटचा बोळा लावून बघा

असोदा म्हटलं की आठवतं बहिणाबाई चौधरींचं माहेर. जळगावला अगदी लागून असलेल्या या गावात आणि एकूणच खानदेशात जुन्या धाब्याच्या घरांत सागवान भरपूर दिसतं. खांब, कड्या, दरवाजे आणि ओसरीतला झोपाळा. घर पाडून स्लॅब टाकायची वेळ आली की बाकीचं लाकूड विकलं जातं, पण झोपाळ्याचा पाट सहसा कुणी विकत नाही. मग तो नव्या घरात शोभेल असा "चकाचक" करायचं ठरतं आणि नेमका तिथेच घोळ होतो.

कारण बहुतेक जण सुरुवात करतात मशीनने घासण्यापासून. पट्ट्याचं सँडिंग मशीन दहा मिनिटांत पाट पांढराफटक करतं, हे खरं. पण त्यासोबत वर्षानुवर्षं बसून-उठून गुळगुळीत झालेल्या कडा, कोरीव काम आणि लाकडाला आलेला गडद रंगही जातो. तो परत आणता येत नाही.

आधी ओळख पटवा

पाटाच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी पॉलिशच्या स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस मिनिटभर दाबून धरा. जागा चिकट झाली, तर ते लाखेचं पॉलिश आहे. जुन्या फर्निचरवर हेच जास्त असायचं. स्पिरिटने काही झालं नाही पण एनसी थिनरने मऊ पडलं, तर लॅकर. दोन्हींनी फारसं काही झालं नाही, तर तेलाचं वॉर्निश किंवा पीयू.

लाखेचं निघालं तर तुम्ही नशीबवान. लाखेचा नवा थर जुन्या थरात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे खरवडायची गरजच नसते. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ काढा, पूर्ण सुकू द्या. एक लिटर स्पिरिटला साधारण 200 ते 250 ग्रॅम चपडा लाख रात्रभर भिजत घाला. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं हवं, लोखंडाने लाख काळी पडते. मलमलीत कापूस गुंडाळून पातळ हात मारत राहा. मात्र लाखेला पाणी आणि उष्णता सोसत नाही. गरम चहाचा कप ठेवलात की पांढरं वर्तुळ उमटलंच.

तेलाचं वॉर्निश असेल आणि पापुद्रे सुटले नसतील, तर 220 नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासून वर नवा हात देता येतो. पापुद्रे सुटलेत? मग खरवडणं आलंच. रिमूव्हर लावून पत्र्याने खरवडा, पण अंगणात. बंद खोलीत त्याची वाफ घातक असते. नंतर पेपर 120, 180, 220 असा चढत्या क्रमाने आणि कायम रेषांच्या दिशेनेच. आडवं घासलं की ओरखडे वॉर्निशखाली आणखी उठून दिसतात.

सागाची एक खोड लक्षात ठेवा. त्याच्या अंगातच तेल असतं, म्हणून वॉर्निश नीट धरत नाही. हात देण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्या. पहिला हात पातळ करून, पुढचे दोन-तीन हात साधारण दिवसाच्या अंतराने.

झोपाळा उघड्या ओट्यावर असेल तर? तिथे बोटींसाठीचं मरीन वॉर्निश बरं. शिडाच्या होडीची डोलकाठी वाऱ्यात वाकते, ऊन खाते, म्हणून ते वॉर्निश लवचिक आणि उन्हाला टिकणारं बनवलेलं असतं. (कोकणातल्या लाकडी होड्यांना पूर्वीपासून माशाचं तेल चोपडत आलेत. टिकतं छान, पण ओसरीत तो वास कोण सहन करणार!)

दोन धोके, जे कुणी सांगत नाही

पहिला, शिसं. पाटावर जुना ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नका. भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम करणारा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे, हे डोळ्यांनी कळत नाही. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला इजा करते. म्हणून पाणी मारत घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा आणि जागा झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.

दुसरा, आग. जवसाचं तेल, म्हणजे दुकानातलं बेलतेल, सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. तेलाने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर काडी न लावताही पेटू शकतात. ती मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

कधी करायचं?

आखाजीला लेकी माहेरी येणार म्हणून चैत्रात काम काढलं जातं, पण खानदेशात तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो. वॉर्निश वरून लगेच सुकतं, आत ओलं राहतं आणि बुडबुडे येतात. पावसाळ्यात लाखेवर पांढुरकी झाक येते. त्यापेक्षा दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने उत्तम.

हात फिरवून कोरडं लागलं तरी तेलाचं वॉर्निश पूर्ण कडक व्हायला काही आठवडे लागू शकतात, तोवर त्यावर गादी टाकू नका. आणि पाट उतरवलाच आहे, तर कड्या आणि आकडेही बघून घ्या. जिथे कडीवर कडी घासते तिथे धातू झिजून बारीक झाला असेल, तर वॉर्निशच्या आधी ती कडी बदला.