यंत्र नियम तपासतं, मग माणसाने काय करायचं?

आजचा विषय ऐकायला जरा रुक्ष आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या रिपॉझिटरीत नियम पाळले जातात की नाही, हे यंत्राकडून तपासून घेण्याचा इतिहास. रिपॉझिटरी म्हणजे प्रकल्पाचा सगळा कोड आणि त्यातल्या प्रत्येक बदलाची नोंद जिथे राहते ती जागा. तुमच्यापैकी ज्यांनी अशा प्रकल्पाला कोड पाठवलाय, त्यांना हा अनुभव असेलच. कुणा माणसाने बघायच्या आधीच आपल्या बदलासमोर हिरवी खूण किंवा लाल फुली उमटते. फुली दिसली की आपण ती घालवायच्या मागे लागतो. ती का आली, हे विचारतोच असं नाही. आज मला त्या 'का'बद्दल बोलायचंय.

सुरुवात डेबियनपासून करू. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये हा प्रकल्प जाहीर केला. कल्पना अशी, की स्वयंसेवकांनी मिळून लिनक्सवर चालणारी पूर्ण प्रणाली उभी करायची आणि प्रत्येकाने आपापली पॅकेजेस सांभाळायची. आता बघा, यातले बरेच जण एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. पगार नाही, डोक्यावर साहेब नाही. मग एकाच्या पॅकेजने दुसऱ्याचं काम बिघडणार नाही, याची हमी कोण देणार?

यातून नियमांचं एक पुस्तक तयार झालं, 'डेबियन पॉलिसी मॅन्युअल'. कुठली फाइल कुठे ठेवायची, परवान्याची माहिती कुठे द्यायची, असं सगळं त्यात आहे. एकच नमुना सांगतो. 'यूएसआर लोकल' नावाच्या फोल्डरमध्ये पॅकेजने आपल्या फायली टाकायच्या नाहीत. कारण ती जागा मशीन सांभाळणाऱ्याची आहे. त्याने हाताने बसवलेलं काही उद्याच्या अपडेटने पुसून टाकू नये. म्हणजे नियम दिसायला कारकुनी, पण त्यामागे कुणाचा तरी हक्क आहे. जुलै १९९७ मध्ये डेबियनने आपला सामाजिक करारही मंजूर केला आणि कुठलं सॉफ्टवेअर 'मुक्त' म्हणायचं याच्या कसोट्या ठरवल्या. पुढच्याच वर्षी 'ओपन सोर्स'ची व्याख्या तयार झाली, ती याच कसोट्यांवरून.

पुस्तक झालं. पण शेकडो पॅकेजेस पुस्तकाबरहुकूम आहेत का, हे बघणार कोण? १९९८ मध्ये ख्रिश्चन श्वार्झ आणि रिचर्ड ब्राकमन यांनी त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला, लिंटियन. हे नाव 'लिंट'वरून आलं. कपड्याला चिकटलेले बारीक तंतू म्हणजे लिंट. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेतल्या कोडमधले संशयास्पद कण वेचणारं एक साधन केलं होतं, त्याचं ते नाव.

लिंटियनची घडण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एक, तो चूक आणि नुसती शंका यांत फरक करतो. दोन, प्रत्येक तक्रारीसोबत खुलासा मिळतो, आणि जिथे लागू असेल तिथे पॉलिसीतलं कलमही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला तक्रार पटली नाही तर अपवाद लिहून ठेवता येतो. पॅकेजसोबत एक छोटी फाइल जाते, तिच्यात तुम्ही सांगता की हे मी जाणूनबुजून केलंय, आणि का केलंय. २००९ पासून लिंटियनने पकडलेल्या काही चुका असतील तर डेबियनचं भांडार पॅकेज आपोआप नाकारू लागलं. तिथेही दोन गट केले होते. एका गटात अपवाद चालतो, दुसऱ्यात अजिबात नाही.

नियमाचं कारण हरवलं की काय होतं? आपल्याकडे गुरुजींच्या मांजराची गोष्ट आहे. पूजेत लुडबुड करतं म्हणून मांजर बांधून ठेवायचे. पुढे गुरुजी गेले, ते मांजरही गेलं, तरी शिष्य पूजेआधी कुठून तरी मांजर आणून बांधत राहिले. डेबियन ज्यावर उभं आहे, त्या लिनक्स कर्नलमध्ये असंच एक मांजर होतं. तिथे 'चेकपॅच' नावाची तपासणी आहे. कोडची ओळ ८० अक्षरांपुढे गेली की ती इशारा द्यायची. हे ८० आले कुठून? आयबीएमच्या १९२८ सालच्या पंचकार्डावर ८० रकाने होते. पुढे टर्मिनलच्या पडद्यांवर ८० अक्षरं आली आणि तिथून ती सवयीत उतरली. २०२० मध्ये तो इशारा १०० अक्षरांवर नेला. चेकपॅचच्या माहितीपत्रकातही म्हटलंय, की साधनापेक्षा तुमचा विवेक मोठा.

पण विवेक न वापरता इशारा गप्प केला तर? याचं उदाहरण पुन्हा डेबियनमधलंच आहे. २००६ साली व्हॅलग्रिंड नावाचं तपासणीचं साधन ओपनएसएसएलच्या कोडबद्दल तक्रार करत होतं, की अजून न भरलेली मेमरी वापरली जातेय. पॅकेज सांभाळणाऱ्याने ओपनएसएसएलच्या लोकांना विचारलं. कुणी ठाम 'नको' म्हटलं नाही. मग दोन ओळी काढून टाकल्या आणि तक्रार थांबली. पण त्यातली एक ओळ गुप्त किल्ल्यांसाठी लागणारी यदृच्छता मिसळत होती. ती गेल्यावर जवळपास फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला. म्हणजे एका प्रकारच्या, एका आकाराच्या किल्लीसाठी जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. संगणक एवढ्या शक्यता सहज तपासून संपवतो. मे २००८ मध्ये ल्युसियानो बेल्लो यांच्या लक्षात येईपर्यंत हे चालू होतं. मग डेबियन आणि उबुंटू वापरणाऱ्या असंख्य लोकांना किल्ल्या नव्याने बनवाव्या लागल्या.

तपासणीची दुसरी मर्यादा कायद्याच्या बाजूने दिसते. मार्च २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर खटला भरला. आमचा कोड लिनक्समध्ये घातला, असा दावा होता. कोड कुठून आला हे दाखवता यावं म्हणून २००४ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी नवी रीत आणली. प्रत्येक बदलाखाली पाठवणाऱ्याने 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी सही करायची. म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असं सांगायचं. आज अनेक प्रकल्पांत ही ओळ आहे का, हे बॉट बघतो. पण तो ओळ बघतो, खरेपणा नाही. खरेपणाची जबाबदारी सही करणाऱ्यावरच राहते.

शेवटची गोष्ट २०२४ ची. एक्सझेड या साध्या कॉम्प्रेशनच्या प्रकल्पात 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घातला. त्याला जागं करणारा तुकडा रिपॉझिटरीत नव्हताच, फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात होता. रिपॉझिटरी तपासणाऱ्या यंत्राला तो दिसणार कसा? डेबियनच्या चाचणीच्या शाखांपर्यंत तो पोचलासुद्धा. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसवर काम करणारे अभियंते वेग मोजत होते. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. शिवाय काही आठवड्यांपूर्वी चाचण्यांमध्ये व्हॅलग्रिंडने केलेली एक विचित्र तक्रार त्यांना आठवली. त्यांनी माग काढला आणि २९ मार्चला सगळं जाहीर केलं.

पाहिलंत? साधन तेच, व्हॅलग्रिंड. २००६ मध्ये त्याची तक्रार मिटवली गेली आणि कुलपं उघडी पडली. २०२४ मध्ये त्याचीच एक तक्रार एका माणसाने मनात ठेवली आणि कुलपं वाचली.

म्हणून पुढच्या वेळी लाल फुली आली तर ती लगेच घालवू नका. आधी तिचा खुलासा वाचा. नियम पटला तर पाळा. नाही पटला तर अपवाद करा, पण कारण लिहून ठेवा. तुमच्यानंतर ते पॅकेज सांभाळणाऱ्याला ते लागणार आहे.