सैन्य भरती : ‘५० किलो भरलं की झालं’ हा समज सोडा, उंचीनुसार वजन पाहा

संत तुकाराम नगर (पिंपरी) : जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळातून एसटीने येणारी पोरं वल्लभनगर स्थानकावर उतरतात. कोणी चाकणच्या कंपनीत शिफ्ट करतो, कोणी संत तुकाराम नगर परिसरात खोली घेऊन राहतो आणि पहाटे भरतीची तयारी करतो. धावण्याचा सराव सगळेच करतात. वजनाकडे मात्र मेडिकलची तारीख आली की लक्ष जाते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

पूर्वी जाहिरातीत वजनापुढे ५० किलो असा सरळ आकडा असायचा. गावात तोच अजून तोंडोतोंडी चालतो. आता जाहिरातीत ‘उंची व वयाच्या प्रमाणात’ असे लिहिलेले असते. म्हणजे वजनाला खाली मर्यादा आहे, तशी वरही आहे.

हिशोब कसा करायचा?

एनडीएच्या जाहिरातीत उंची-वजनाचा तक्ता पूर्ण छापलेला असतो. त्याचे सूत्र सोपे आहे. उंची मीटरमध्ये घ्यायची, तिला तिनेच गुणायचे. आलेल्या आकड्याला १८ ने गुणले की किमान वजन मिळते. १७ ते २० वयासाठी २२ ने आणि २० ते ३० वयासाठी २३ ने गुणले की कमाल वजन मिळते.

१६८ सेंटिमीटर उंचीच्या १९ वर्षांच्या मुलाचे वजन त्यानुसार ५०.८ ते ६२.१ किलो हवे. विशी ओलांडली असेल तर ६४.९ पर्यंत चालते. उंची १७५ असेल तर किमानच ५५.१ किलो लागते. त्यामुळे उंच, सडपातळ पोरगा ५२ किलोवर ‘आपलं तर झालंय’ म्हणून बसला, तर तो तक्त्यात बसत नाही.

महाराष्ट्रातील मुलांना अग्निवीर जनरल ड्युटीसाठी (जीडी) उंची १६८ सेंटिमीटर लागते, टेक्निकलला १६७, क्लार्क-स्टोअरकीपरला १६२. जीडीला छाती ७७, फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत २ सेंटिमीटर, छातीत १ सेंटिमीटर आणि वजनात २ किलो सवलत आहे. त्यासाठी वडिलांच्या नोकरीची कागदपत्रे लागतात.

पैलवानांचे काय?

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न हमखास येतो. तालमीत घुमलेला १७२ सेंटिमीटरचा, १९ वर्षांचा मल्ल ७४ किलो गटात खेळत असेल, तर तक्त्याप्रमाणे त्याचे कमाल वजन ६५.१ किलो. म्हणजे जवळपास ९ किलो जास्त. पण हे वजन चरबीचे नाही, कमावलेले आहे. यासाठी नियमात वाट ठेवली आहे : कुस्ती, बॉक्सिंग किंवा बॉडीबिल्डिंगचा कागदी पुरावा असेल तर अपवाद म्हणून जास्त वजन चालू शकते. वरच्या सूत्रातला गुणक (बीएमआय) तरीही २७ च्या आत हवा, कमरेचा घेर भागिले नितंबांचा घेर हे प्रमाण ०.९ पेक्षा कमी हवे आणि रक्ताच्या तपासण्या ठीक हव्यात. गावच्या जत्रेत मारलेल्या कुस्त्यांचा कागद कुठे नसतो. मान्यताप्राप्त स्पर्धेत खेळून प्रमाणपत्र जपून ठेवावे.

मैदानावर

अग्निवीर भरतीत २०२३ पासून आधी ऑनलाइन परीक्षा, मग मैदान असा क्रम आहे. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या. साडेपाच मिनिटांत आला तर पूर्ण ६० गुण. त्यासाठी प्रत्येक फेरी ८२ सेकंदांच्या आसपास पडते. ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८ गुण. २०२५ च्या भरतीपासून ६ मिनिटे १५ सेकंदांपर्यंत धावणाऱ्यालाही घेतात, पण गुण २४ च. बीमवर १० पुलअप्सना ४० गुण, ६ ला १६. शिवाय ९ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स पास व्हावेच लागते. मिलिटरी पोलिसात जाणाऱ्या मुलींना उंची १६२ सेंटिमीटर, १६०० मीटरला जास्तीत जास्त ८ मिनिटे, १० फूट लांब उडी आणि ३ फूट उंच उडी.

वजन भरायला सकाळी डझनभर केळी आणि दोन बाटल्या पाणी, हा उपाय पोरं एकमेकांना सांगतात. त्या पोटाने चार फेऱ्या कोण धावणार? उलट बाजूला, वजन उतरवायला दोन दिवस उपाशी राहणारा बीमवर लटकून राहतो. महिन्याला एक-दीड किलो, एवढ्याच चालीने वजन हलवावे : चपाती-भाकरी, डाळ-उसळ, दूध, अंडी, शेंगदाणे. नाइट शिफ्टला वडापाववर रात्र काढली तर सकाळचा सराव वाया जातो. जिममध्ये कोणी इंजेक्शन सुचवले तर घेऊ नये. स्टेरॉइडने छातीच्या गाठी वाढतात, रक्तदाब वाढतो. दोन्ही मेडिकलला अनफिट ठरवणारी कारणे आहेत.

फॉर्म भरण्याआधीच गावच्या आरोग्य केंद्रात किंवा वायसीएम रुग्णालयात केसपेपर काढून उंची, वजन, रक्तदाब, कान, गुडघे आणि तळपाय दाखवून घ्यावेत. कानातला मळ दहा मिनिटांत निघतो, हायड्रोसिलच्या ऑपरेशनला आणि त्यानंतर बरे व्हायला वेळ लागतो. मेडिकलला अनफिट ठरला तर पुन्हा तपासणीसाठी ठरलेल्या मुदतीत लष्करी रुग्णालयात जाता येते. तिथल्या चिठ्ठीवरची तारीख आणि रुग्णालयाचे नाव त्याच दिवशी नीट वाचून घ्यावे.