पाणी, वाफ आणि काटा : मोटारीच्या शीतनव्यवस्थेतील दोषनिदानाचा इतिहास

प्रस्तावना

मोटारीच्या इतिहासात इंजिनाची शक्ती, वेग व इंधन यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने इंजिनातील उष्णता बाहेर कशी टाकली गेली, या प्रश्नाकडे कमी लक्ष गेले. वस्तुतः इंधनापासून मिळणाऱ्या ऊर्जेचा स्थूलमानाने एक तृतीयांश भाग शीतनव्यवस्थेमार्फत बाहेर टाकावा लागतो. हे कार्य काही मिनिटे जरी खंडित झाले, तरी इंजिन निकामी होऊ शकते. प्रस्तुत लेखात शीतनव्यवस्थेतील गळती व अतितापन यांच्या निदानपद्धतीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. प्रत्येक सुधारणेने दोषाची शक्यता कमी केली, परंतु त्याच वेळी दोषाची खूण चालकाच्या नजरेआड नेली; परिणामी प्रत्यक्ष पाहण्याची जागा अनुमानाने घेतली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

उघड्या पाण्याचा काळ

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या तीनचाकी मोटारीत पाण्याचे बाष्पीभवन हीच शीतनाची पद्धत होती. इंजिनाभोवतीचे पाणी उकळून उडून जाई व त्याबरोबर उष्णताही निघून जाई. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी मानहाइम ते फोर्त्सहाइम हा सुमारे १०० किलोमीटरचा प्रवास केला, तेव्हा त्यांना वाटेत वारंवार पाणी भरावे लागले. या यंत्रात पाणी उकळणे हा दोष नव्हता, तर तो व्यवस्थेचाच भाग होता. साहजिकच 'इंजिन तापले' या वाक्याला तेव्हा आजचा अर्थ प्राप्त झाला नव्हता.

हा अर्थ रेडिएटरने दिला. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या मर्सिडीझ मोटारीसाठी मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर तयार केला. त्यात चौकोनी छेदाच्या आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या होत्या. हवेशी संपर्क येणारे क्षेत्रफळ एवढे वाढले, की सुमारे ९ लिटर पाण्यावर काम भागू लागले. तेच पाणी पुनःपुन्हा फिरू लागल्याने पाणी कमी होणे ही प्रथमच असाधारण घटना ठरली.

फोर्ड कंपनीच्या १९०८ च्या 'मॉडेल टी'मध्ये आरंभीच्या सुमारे २,५०० गाड्यांनंतर पाण्याचा पंप वगळण्यात आला. गरम पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली येते, या नैसर्गिक अभिसरणावरच ही मोटार १९२७ पर्यंत चालली. पंपच नसल्याने पंपाचे बिघाडही टळले. मात्र पाण्याची पातळी रेडिएटरच्या वरच्या नळीखाली गेली, की अभिसरण थांबे. लहानशी गळतीही अशा रीतीने थेट अतितापनात परिणत होई. कारण व परिणाम एकमेकांच्या इतके निकट होते, की झाकण उघडून पाहणे हेच बहुतांशी पुरेसे निदान होते.

मापनाचा आरंभ

१९१० च्या दशकात अमेरिकेत 'बॉइस मोटोमीटर' हे उपकरण लोकप्रिय झाले. रेडिएटरच्या झाकणावर बसविलेला हा तापमापक चालकाला आसनावरून दिसे. उपकरण पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरील पोकळीतील बाष्पाचे तापमान दाखवीत असे. पुढे तापमापक चालकासमोरील फळीवर आला. त्यामुळे सोय झाली, परंतु चालक आणि पाणी यांच्यामध्ये एक काटा उभा राहिला. यापुढे चालक पाण्याची स्थिती पाहत नव्हता, तिच्याविषयीचे कथन वाचत होता.

थंड प्रदेशांत पाणी गोठू नये म्हणून त्यात अल्कोहोल मिसळीत. तेही उडून जात असे. १९२७ पासून अमेरिकेत इथिलीन ग्लायकॉल या हेतूने विकले जाऊ लागले. याचा उत्कलनबिंदू सुमारे १९७ अंश सेल्सिअस असल्याने ते टिकून राही. 'गोठणरोधक' या नावाने मात्र त्याच्या उपयोगाचा अर्थ संकुचित केला. आजच्या मिश्रणातील गंजरोधक द्रव्ये उष्ण प्रदेशातही तितकीच आवश्यक असतात. महाराष्ट्राच्या बहुतांश भागात पाणी गोठण्याचा प्रश्नच नसल्याने रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा नळाचे पाणी भरणे सर्वांना स्वाभाविक वाटे. अशा क्षारयुक्त पाण्याचा थर नळ्यांत साचतो, प्रवाह मंदावतो आणि पाणी पुरेसे असूनही इंजिन तापते.

दाब आणि बंदिस्तपणा

देनी पापँ यांनी १६७९ मध्ये बंद भांड्यातील दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू उंचावता येतो, हे आपल्या पाचकयंत्राने दाखविले होते. मोटारीच्या रेडिएटरला दाबाचे झाकण लाभले, तेव्हा हेच तत्त्व उपयोगात आले. वातावरणाच्या दाबाइतकाच अधिक दाब दिला, तर पाणी १०० ऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर ३०० मीटरला उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने घटतो. ही तूटही त्यामुळे भरून निघाली.

घाटरस्त्यांच्या संदर्भात या बाबीला विशेष महत्त्व आहे. बोरघाटातील रस्ता १८३० मध्ये, म्हणजे मोटारीच्या पुष्कळ आधी खुला झाला. पुढे त्याच चढणीवर मोटारी आल्या. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन वेगाने फिरते, परंतु गाडी मंद चालते. उष्णता अधिक निर्माण होते आणि समोरून येणारी हवा कमी पडते. सपाटीवर लपून राहिलेला दोष घाटात प्रकट होतो, तो यामुळेच.

१९६१ च्या 'रेनो ४' या मोटारीत वेगळ्या विस्तारटाकीसह बंदिस्त शीतनव्यवस्था देण्यात आली. ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. पाणी भरण्याचे नित्यकर्म संपले आणि त्यासोबत रोज झाकण उघडून पाहण्याची सवयही सुटली. शिवाय तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडणे धोक्याचे झाले. दाब एकाएकी उतरताच शंभर अंशांहून अधिक तापलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि उघडणाऱ्याला गंभीरपणे भाजते.

निदानाचे तर्कशास्त्र

बंदिस्त व्यवस्थेत निदानाचा पहिला प्रश्न असा असतो : द्रव कमी होत आहे, की द्रव असूनही उष्णता बाहेर पडत नाही? द्रव पुरेसा असेल, तर गाडी केव्हा तापते हे पाहिले जाते. गर्दीत थांबल्यावर तापत असेल, तर संशय पंख्यावर जातो. वेगात तापत असेल, तर रेडिएटर तुंबला आहे काय, हे तपासावे लागते. इंजिन तापूनही रेडिएटरची नळी थंड राहिली, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्याचा संभव असतो.

द्रव कमी होत असेल, तर थंड इंजिनावर हातपंपाने झाकणाच्या मर्यादेइतका दाब देऊन दाबमापकाचा काटा पाहतात. काटा उतरला आणि बाहेर ओल दिसली, तर गळतीचे स्थान सापडते. पंपाखालील छोट्या छिद्रातून येणारा थेंब आतील सील झिजल्याचे सांगतो. काटा उतरूनही बाहेर ओल दिसत नसेल, तर गळती आत आहे असे समजावे लागते. हेड गॅस्केट फुटल्यास ज्वलनवायू द्रवात शिरतात. त्यांतील कार्बन डायऑक्साइडमुळे तपासणीचा निळा द्रव पिवळा होतो. येथे गळती डोळ्यांना दिसत नाही, रंगातील बदलावरून तिचे अनुमान करावे लागते.

निष्कर्ष

बाष्पाच्या स्तंभापासून रंग बदलणाऱ्या द्रवापर्यंतच्या या वाटचालीत निदान अधिक अचूक झाले, यात शंका नाही. तथापि, एक मर्यादा कायम राहिली. तापमापक ज्याच्या संपर्कात असतो, त्याचेच तापमान सांगतो. द्रव पूर्णपणे गळून गेला, तर संवेदक कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही काटा शांत राहू शकतो. अनेक आधुनिक मोटारींत तर तापमानाच्या एका मोठ्या पट्ट्यात काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. ॲल्युमिनियमचे हेड अतितापनाने वाकते, त्यामुळे या भ्रमाची किंमत आज अधिक आहे.

म्हणूनच कुशल मेकॅनिक काट्यावर विसंबून न राहता नळी हाताने चाचपतो, गोडसर वास ओळखतो आणि इंजिन थंड झाल्यावर द्रवाची पातळी स्वतः पाहतो. हे ज्ञान बहुतांशी गॅरेजमधील मौखिक परंपरेतून संक्रमित झाले असून लिखित इतिहासात त्याची फारशी नोंद नाही. विजेवर चालणाऱ्या अनेक मोटारींतही बॅटरी थंड ठेवण्यासाठी द्रवच फिरविला जातो. इंजिन गेले, तरी गळतीचा प्रश्न जाणार नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासाने शोधकांच्या नावांइतकीच या निदानपरंपरेची दखल घेणे आवश्यक आहे.